सेंद्रिय शेतावर कामाला जाताय? आधी काम ठरवा, मग तारीख

वर्धा, यवतमाळ, अमरावती या भागांत दोन-पाच एकर सेंद्रिय शेती करणाऱ्या घरांकडे आता शहरातली मुलं-मुली, निवृत्त माणसं, शेतीकडे वळू पाहणारी जोडपी पंधरा दिवस-महिनाभर कामाला येतात. राहणं-जेवण शेतकऱ्याकडे आणि रोजचं चार ते सहा तासांचं काम पाहुण्याकडे, अशी ही पद्धत. १९७१ मध्ये इंग्लंडात 'वूफ' नावाने ती सुरू झाली आणि पुढे भारतातही आली. सेवाग्राम-पवनारच्या परिसरात श्रमदान तर त्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

पण बहुतेक वेळा येणारा माणूस आपल्या सुट्टीप्रमाणे तारीख ठरवतो आणि त्या आठवड्यात शेतात त्याच्याजोगं काम नसतं. मग पेरणीच्या घाईत शेतकऱ्याला पाहुण्याची उस्तवार करावी लागते. म्हणून हंगाम पाहून काम ठरवा आणि कामावरून तारीख ठरवा. पंधरा दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर जाऊ नका. हात बसायलाच चार-पाच दिवस जातात.

नव्या माणसाने कोणतं काम धरावं

पहिल्या वर्षी तिफण (बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार) आणि डवरा (उभ्या पिकात तण काढायचं बैलांचं अवजार) यांच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सरत्यातून, म्हणजे तिफणीच्या नळीतून, बियाणं सोडताना मूठ अडखळली की तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, तूट पडते आणि नंतर ती टोबून भरावी लागते. डवरणीत बैल वीतभर सरकला तरी डवऱ्याची पास (लोखंडी पातं) उभ्या रोपांची मुळं कापत जाते. हे काम वर्षानुवर्षांच्या सरावाने येतं. पेरणीचा आठवडा तर नव्या माणसाने टाळलेलाच बरा.

नव्या हातांना जमतं ते, ज्यात कसबापेक्षा चिकाटी जास्त लागते असं काम. नाडेपचं (कंपोस्ट खताचं) टाकं भरणं, जीवामृत (शेण-गोमूत्राचं द्रावण) ढवळणं, निंबोळ्या गोळा करून वाळवणं, बियाण्याची उगवण तपासणं, कपाशीतल्या डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) तोडणं, सापळ्यातले पतंग मोजणं, वहीत नोंदी ठेवणं. सेंद्रिय शेतीत याच कामांवर पीक तरतं आणि घरच्या माणसांना नेमका याच कामांना वेळ मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून टाका. निंदण (तण काढणं) आणि कापसाची वेचणी ही गावातल्या भूमिहीन बायांची रोजी आहे. फुकटचे हात आले म्हणून त्यांचा रोज बुडता कामा नये. तुम्ही त्यांच्या जोडीने तास धरा, त्यांच्या जागी धरू नका. शेतकऱ्याशी हे फोनवरच बोला. जो शेतकरी "तुम्ही आलात की कामाला बाया सांगायला नको" म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका.

वर्षाचा हिशेब साधारण असा. मे महिन्यात उगवण चाचणी, हरळी-कुंदा या तणांची खोदाई, खत शेतात नेऊन पसरवणं. जूनमध्ये बीजामृत (पेरणीआधी बियाण्याला चोळायचं द्रावण) आणि निंबोळ्या. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण, जीवामृत, तुरीचे शेंडे खुडणं. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत बोंडअळीवर नजर. दिवाळीच्या आसपासपासून जानेवारीपर्यंत वेचणी, मग तुरीची सोंगणी. जानेवारी-फेब्रुवारीत नाडेप. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जाणार असाल तर जुलै-ऑगस्टमधली धानाची रोवणी धरा. बांधीत (भातखाचरात) दिवसभर वाकून परे (भाताची रोपं) लावायचे असतात, म्हणून पाठीचं दुखणं असलेल्यांनी तिकडे जाऊ नये.

जाण्याआधी विचारायचे प्रश्न

शेत खरंच सेंद्रिय आहे का, हे विचारण्यात संकोच नको. पीजीएसचं (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून दिलेलं) किंवा त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र आहे का? कपाशीचं बियाणं कोणतं? बीटी, म्हणजे जनुक बदललेलं, वाण सेंद्रिय प्रमाणीकरणात चालत नाही. त्यामुळे देशी कपाशी, म्हणजे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे एकेए-७, एकेए-८ यांसारखे वाण, किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा 'सुरज'सारखा बिगर-बीटी वाण असेल तर शेतकरी गंभीर आहे असं समजा. शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने येऊ नये म्हणून धुऱ्याकडेने (बांधाकडेने) काय केलंय, तेही विचारा. प्रमाणपत्र नसलं तरी उत्तरं सरळ मिळाली तर अडचण नाही. अनेक चांगले शेतकरी कागदाच्या भानगडीत पडलेले नसतात. पत्ते हवे असतील तर जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, तालुका कृषी कार्यालयातला आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) विभाग, किंवा अकोल्याहून चालणारं डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशन यांच्याकडे गटांची माहिती मिळते.

राहण्याबद्दल स्पष्ट विचारा: झोपायची जागा घरात की शेतातल्या खोलीत, संडास-न्हाणीघर, पिण्याचं पाणी, फोनला रेंज, जवळचा दवाखाना किती लांब, आठवडी बाजाराचा वार कोणता. तो बाजाराचा दिवस सुट्टीचा धरायची पद्धत चांगली. गावही त्या दिवशी अर्ध्या सुट्टीवर असतं. आधार कार्डाची प्रत सोबत ठेवा आणि शेतकऱ्याला पोलीस पाटलांच्या कानावर घालायला सांगा.

सामान थोडंच लागतं. पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे, डोक्याला बांधायला दुपट्टा, पोटरीपर्यंतचे गमबूट, चांगली विजेरी, ओआरएसची पाकिटं, स्वतःची औषधं. धनुर्वाताची लस घेतलेली नसेल तर घेऊन जा. शेतात गंजकं लोखंड आणि शेण दोन्ही असतं. गमबुटांवर पैसे वाचवू नका. काळ्या जमिनीतला चिखल साध्या बुटाला किलो-दोन किलो चिकटतो आणि गवतात पाय कुठे पडतोय ते दिसत नाही.

वाफसा आणि निंदण

विदर्भातली काळी भारी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यात काम करायचे दिवस मोजके असतात. वाफसा, म्हणजे जमीन कामाजोगी ओलसर असणं, ओळखायला चार बोटं खोलीवरची मूठभर माती घ्या आणि दाबून गोळा करा. गोळ्यावर अंगठा दाबल्यावर तो भुरभुरीत फुटला तर कामाला लागा. नुसता दबून चकाकला, बोटांना चिकटला, तर त्या दिवशी शेतात पाय टाकू नका. ओल्या जमिनीत निंदलं की पायाखालची माती दबून घट्ट होते, ढेकळं पडतात, आणि उपटलेलं तण तिथल्या तिथे पुन्हा रुजतं. पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवस थांबावं लागलं तर तो वेळ गोठ्यात किंवा निंबोळी अर्काच्या कामात घाला.

कपाशीत पहिलं निंदण उगवणीनंतर तीन आठवड्यांच्या सुमारास येतं. पहिल्या दिवशी हातात विळा घेऊ नका. सराव असलेल्या मावशीमागे एक तास फक्त चाला आणि कपाशी, तूर, मूग, ज्वारीची रोपं ओळखायला शिका. सेंद्रिय शेतात आंतरपिकं असतात. नवा माणूस तण म्हणून तूर उपटतो, हे फार वेळा घडतं.

विळ्याचं टोक तणाच्या बुडाशी तिरपं घालून मुळासकट उचकटा. वरून कापलेलं तण आठ दिवसांत पुन्हा फुटतं. रोपाच्या चार बोटांतलं तण हातानेच काढा. तणातणांत फरक आहे. केना पेऱ्यापेऱ्याला मुळं सोडतो, तो तासात टाकला तर पुन्हा उभा राहतो, म्हणून टोपल्यात भरून धुऱ्यावर न्या. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहतात, नुसता उपटून उपयोग नाही, वारंवार काढत राहावं लागतं. हरळी आणि कुंदा पावसाळ्यात आवरत नाहीत. त्यांची काशी (जमिनीतली मुळं) मे महिन्यात खोदून उन्हात टाकायची. गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, तोंडाला दुपट्टा बांधून उपटा. त्याने अंगाला खाज सुटते आणि काहींना दमा उठतो. पावसाळ्याच्या तोंडाला उगवलेला कोवळा तरोटा मात्र फेकू नका, घरी न्या. त्याची भाजी होते.

नाडेप: चार-सहा जणांनी मिळून करायचं काम

स्वयंसेवकांच्या गटाला एकच काम सांगायचं तर आम्ही हे सांगू. ही पद्धत विदर्भातलीच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी ती बसवली. थोड्या शेणात भरपूर खत, हा तिचा गाभा. घरी दोनच जनावरं उरलेल्या शेतकऱ्याला ती म्हणूनच परवडते.

टाकं विटांचं, आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंत ९ इंच जाडीची, मातीत बांधलेली, फक्त वरचा थर सिमेंटचा. चारही भिंतींत विटा सोडून छिद्रं ठेवलेली असतात. ती हवेसाठी असतात, त्यामुळे गळतंय म्हणून बुजवू नका. जागा सावलीची आणि पाणी न तुंबणारी हवी.

लागणारा माल आधी जमवा. काडीकचरा १४०० ते १५०० किलो, शेण ९० ते १०० किलो, वाळलेली चाळलेली माती साधारण १७५० किलो, पाणी १५०० ते २००० लिटर. टाकं सुरू केलं की एक-दोन दिवसांत पूर्ण भरलंच पाहिजे. आठवडाभर थोडं थोडं भरत गेलं तर खालचे थर आधी कुजून बसतात, वरचे कोरडे राहतात आणि खत एकसारखं होत नाही. चार-सहा हात एकदम लागतात ते यासाठीच.

पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी (कपाशीच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या) अख्खी टाकू नका. तीन-चार इंचांचे तुकडे करा. गावात कुट्टी यंत्र असेल तर उत्तम. सोयाबीनचं कुटार (भुसा), तणं, पालापाचोळा त्यात मिसळा. जनावरांना लागणारं कुटार मात्र आधी बाजूला काढा. प्लास्टिक, दोरी, बियावर आलेलं गाजरगवत वेचून टाका. पऱ्हाटी कुजवण्याचा आणखी एक फायदा असा की वाळक्या बोंडांत दडलेल्या गुलाबी बोंडअळ्या पुढच्या हंगामाला पोचत नाहीत. हीच पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवली तर तिथूनच पतंग निघतात.

१. तळ आणि भिंती आतून शेणपाण्याने चांगल्या भिजवून घ्या.

२. पहिला थर काडीकचऱ्याचा, ६ इंच जाडीचा, साधारण १०० ते ११० किलो. कोपरे आधी भरा, नंतर मध्य. कोपऱ्यात पोकळी राहिली तर तिथे कचरा कोरडा राहतो.

३. त्यावर ४ किलो शेण १२५ ते १५० लिटर पाण्यात कालवून सगळीकडे सारखं शिंपडा. उन्हाळ्याकडे झुकलेले दिवस असतील तर पाणी थोडं जास्त.

४. त्यावर ५० ते ६० किलो वाळलेली चाळलेली माती पसरा, वरून हलकं पाणी.

५. हेच तीन थर परत परत, टाक्याच्या काठाच्या वर दीड फूट येईपर्यंत. साधारण ११-१२ वेळा होतं. वरचा आकार मधे उंच, कडेला उतरता ठेवा.

६. वर ३ इंच मातीचा थर देऊन शेणमातीने लिंपून घ्या. लिंपण वाळल्यावर भेगा पडतील, त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा शेणाने बुजवा.

१५ ते २० दिवसांत माल ८-९ इंच खाली बसतो. लिंपण फोडून पुन्हा त्याच थरांनी दीड फुटापर्यंत भरा आणि परत लिंपा. पुढे ओल राखायची, एवढंच. भिंतीच्या छिद्रात हात घालून पाहा. आतला माल कोरडा लागला तर छिद्रांतून आणि भेगांतून शेणपाणी शिंपडा. ९० ते १२० दिवसांत खत तयार होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरलेलं टाकं मे अखेरीस रिकामं करता येतं, म्हणजे खत बरोबर पेरणीआधी हाताशी येतं. एका टाक्यातून साधारण तीन टन.

तयार खत काळपट तपकिरी, मोकळं असतं आणि पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास त्याला येतो. आंबूस किंवा कुजका वास येत असेल तर पाणी जास्त झालं आहे आणि हवा कमी पडली आहे. काड्या जशाच्या तशा असतील तर पाणी कमी पडलं. खत काढल्यावर चाळून घ्या आणि सावलीत गोणपाटाखाली ठेवा. उघड्या उन्हात पसरून ठेवलं तर केलेली मेहनत वाया जाते. चाळणीवरचा जाडसर माल पुढच्या टाक्यात विरजणासारखा टाकायचा.

जीवामृत, बीजामृत आणि अर्क

जीवामृताची पद्धत अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी देशभर पोचवली. एकरी माप असं: २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम, ताजं शेण १० किलो, गोमूत्र ५ ते १० लिटर, काळा गूळ २ किलो, बेसन २ किलो, धुऱ्यावरची किंवा झाडाखालची मूठभर माती, बाकी पाणी. पाणी विहिरीचं घ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारक असतं. ड्रम सावलीत ठेवा, तोंडाला गोणपाट बांधा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. सकाळ-संध्याकाळ लाकडी काठीने पाच-पाच मिनिटं ढवळा. ४८ तासांनी वापरायला घ्या आणि आठवड्याच्या आत संपवा. वास आंबट-गोडसर असला तर बरोबर जमलंय. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे ढवळणं चुकलं. ओल असलेल्या जमिनीतच, संध्याकाळकडे द्या. ठिबकमधून सोडणार असाल तर दोनदा कापडातून गाळा, नाहीतर तोट्या बंद पडतात आणि त्या उकलण्यात दिवस जातो.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. जीवामृताने जमिनीतले जिवाणू जागे होतात, पण पिकाच्या पोटाला लागणारं नत्र एवढ्या शेणातून भागत नाही. कंपोस्ट, हिरवळीचं खत आणि डाळवर्गीय आंतरपीक नसेल तर नुसत्या ड्रमच्या भरवशावर कपाशी पिवळी पडते.

बीजामृताला २० लिटर पाणी, ५ किलो शेण, ५ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम चुना, मूठभर माती. शेण फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात लटकवा, सकाळी पिळून बाकीचं मिसळा. बियाण्यावर शिंपडून हलक्या हाताने चोळा आणि सावलीत सुकवा. सोयाबीनला जोर लावून चोळू नका, साल सुटते आणि उगवण जाते.

त्याआधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. सोयाबीनचे कोंब सहा-सात दिवसांत मोजा. ७० किंवा जास्त निरोगी कोंब आले तर बियाणं पेरायला ठीक, त्याखाली आले तर बियाण्याचं माप वाढवायचं की बियाणंच बदलायचं ते शेतकऱ्याला ठरवू द्या. हे मेमध्ये केलं तरच त्याला बदलायला वेळ मिळतो.

निंबोळ्या जून-जुलैत पिकून पडतात. पिवळ्या झालेल्या वेचा, गर धुऊन काढा, सावलीत पातळ पसरून वाळवा, हवेशीर पोत्यात भरा. ओलसर भरलेल्या निंबोळीला बुरशी लागते आणि ती फेकूनच द्यावी लागते. ५ टक्के अर्कासाठी ५ किलो निंबोळीची भुकटी १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, २०० ग्रॅम साबणाचं पाणी घाला आणि एकूण १०० लिटर करा. साबण विसरला तर थेंब पानावर ठरत नाही. अर्क त्याच दिवशी, संध्याकाळी फवारा. उन्हात त्याची ताकद लवकर उतरते.

फवारणीचा पंप उसना आणू नका. शेजाऱ्याने त्यात २,४-डी हे तणनाशक वापरलेलं असेल तर उरलेला अंशही कपाशीला पुरतो. पानं बोटांसारखी चिरली जातात आणि रोप आकसतं. सेंद्रिय शेताला स्वतःचा वेगळा पंप असलाच पाहिजे. आणि वनस्पतीचा अर्क म्हणून बेफिकीर राहू नका. दशपर्णीत, म्हणजे दहा वनस्पतींच्या पानांच्या अर्कात, कण्हेर आणि रुई असते, दोन्ही विषारी. मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण कपडे, वारा पाठीशी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या वर शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ती रासायनिक औषधं होती, पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून फवारण्याची सवय तीच आहे. शेजारच्या शेतात फवारणी चालू असेल तर तुम्ही त्या बाजूचं काम सोडून दुसरीकडे जा.

अळीवर नजर

कपाशी दीड-दोन महिन्यांची झाली की फुलं येतात. रोज सकाळी ओळीओळीने फिरून डोमकळ्या शोधा. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळून राहिलेलं फूल म्हणजे डोमकळी. एखादी उघडून पाहा, आत गुलाबी बोंडअळी बसलेली दिसेल. तोडलेल्या कळ्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका, शेतात नाही.

एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) पिकाच्या उंचीपेक्षा थोडे वर बांधा. सकाळी पतंग मोजा, लिहा, रिकामे करा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग पडले तर शेतकऱ्याला लगेच सांगा. बोंडं धरल्यावर आठवड्यातून एकदा एकरातल्या वेगवेगळ्या २० झाडांवरून एकेक हिरवं बोंड तोडून चिरा. दोन बोंडांत जिवंत अळी सापडली तर उपाय करायची वेळ आली. बोंडाला वरून छिद्र दिसत नाही, म्हणून चिरल्याशिवाय कळत नाही. सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं की बाहेरून हिरवं आहे म्हणजे चांगलं आहे.

तुरीचे शेंडे ४५ दिवसांच्या आसपास दोन-तीन बोटं खुडा, फांद्या वाढतात. फुलोऱ्यात पक्षी बसायला एकरी २० टी आकाराच्या काड्या रोवा. अळी दिसली तर सकाळी झाडाखाली ताडपत्री अंथरून झाड हलकेच हलवा, अळ्या पडतात. कोंबड्यांना घाला.

वेचणी

दव उतरल्यावरच सुरू करा. ओला कापूस ढिगात तापतो आणि पिवळा पडतो. पूर्ण उमललेलं बोंड धरा, खालच्या फांद्यांपासून वर जा, कापूस पाकळीतून असा ओढा की वाळकं पान सोबत येणार नाही. केस दुपट्ट्यात बांधा. किडका, डागाळलेला कवडी कापूस वेगळ्या ओटीत. चांगल्यात मिसळला तर सगळ्याचा भाव पडतो. प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका, त्याचे धागे कापसात उतरतात. सुती कापडाची ओटी आणि गाठोडं वापरा. वेचणीची मजुरी किलोवर असते. तुमचा कापूस मावशींच्या ओटीजवळ ठेवू नका, त्यांचा हिशेब गडबडतो.

जिवाची काळजी

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. काम पहाटे साडेपाच ते दहा, मग संध्याकाळी पाचनंतर. दुपारी सावली सोडायची नाही. तहान लागो न लागो, अर्ध्या तासाने पाणी प्या. घाम थांबून अंग तापलं, बोलणं तुटक झालं तर उष्माघात समजा: सावलीत आणा, कपडे भिजवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

विदर्भात नाग, मण्यार, घोणस आणि काही भागांत फुरसंही आहे. कुटार, विटा, गवताची गंजी यांत हात घालण्याआधी काठीने हलवा. जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री घरात येते आणि तिचा दंश दुखतही नाही. साप चावला तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला अवयव हलू न देता थेट ग्रामीण रुग्णालयात, जिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतं. साप मारून किंवा पकडून न्यायची गरज नाही.

रात्री एकट्याने शेतात फिरू नका. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापायी काही जण कुंपणाच्या तारेत थेट करंट सोडतात. ते बेकायदा आहे, तरी घडतं. जुन्या विहिरींना कठडा नसतो. विहिरीवरच्या मोटारीला ऑटोस्विच लावलेला असेल तर लाइट येताच ती आपोआप सुरू होते, म्हणून पट्ट्याला, तारेला, पाइपाच्या जोडाला तुम्ही हात लावू नका. आभाळ गडगडलं की झाडाखालून निघा, हातातलं लोखंडी अवजार खाली ठेवा आणि पक्क्या घरात जा. चंद्रपूरकडे किंवा टिपेश्वर अभयारण्याच्या आसपास असाल तर वाघाच्या बाबतीत गावकरी सांगतील ते ऐका. तिथे पहाटे-सांजेला वाकून काम करू नका.

घरात आणि गावात

मोठ्यांना काकाजी, भाऊ, मावशी, काकू म्हणा. समोरून राम राम आलं तर राम राम, जय भीम आलं तर जय भीम, जय गुरुदेव आलं तर जय गुरुदेव. जेवण घरचं असेल: ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, ठेचा, अंबाडीची भाजी. तिखट सोसत नसेल तर पहिल्याच दिवशी सांगा. स्वतःचं ताट धुवा, पाणी भरायला हात लावा. पाहुण्यामुळे सगळ्यात जास्त काम घरच्या बाईचं वाढतं आणि ते कुणी मोजत नाही. चुलीजवळच्या कामाचा तासही तुमच्या चार-सहा तासांत धरा. पोळ्याच्या दिवशी बैलांना काम नसतं, आदल्या दिवशी त्यांचे खांदे शेकतात. त्या दोन दिवसांत शेतकऱ्याकडे बैलकामाचा विषय काढू नका. फोटो काढण्याआधी विचारा, बायांना तर नक्कीच.

निघण्याच्या दोन दिवस आधी नोंदवही पूर्ण करा: कोणत्या तारखेला, कोणत्या तुकड्यात, काय आणि किती टाकलं, सापळ्यात किती पतंग आले, टाकं कधी भरलं आणि कधी उघडायचं. पीजीएसच्या तपासणीला गटातले शेतकरी हीच वही मागतात, म्हणून अक्षर सुवाच्य ठेवा. पंप तीनदा धुऊन उलटा टांगा, विळे पुसून तेल लावून ठेवा, ड्रममधलं उरलेलं जीवामृत झाडांच्या बुडाशी ओता. पुढच्या येणाऱ्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर अर्धवट राहिलेली कामं क्रमाने लिहा.